इंजिन बांधलं, पण गाडी चालू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन काम करून आणलं, बसवलं, सेल्फ मारला. गाडी चालूच होत नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी सेल्फ मारणं थांबवा. एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मग निदान अर्धा मिनिट विश्रांती. सलग मारत राहिलात तर सेल्फ तापतो, बॅटरी बसते आणि पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं. मग मूळ दोष राहतो बाजूला, नवीनच दोष तयार होतो.

दुसरं म्हणजे इंजिन उघडण्याआधी गाडी चालू होत असेल, भले धूर मारत का असेना, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) हे सगळं त्या दिवशी ठीक होतं. दोष बहुतेक वेळा हात लागलेल्या ठिकाणीच सापडतो. म्हणून सेन्सर विकत आणायच्या आधी कागद घ्या आणि काय काय सोडलं, काय बदललं, कुठलं सॉकेट काढलं ते लिहून काढा. ही यादी दोन हजारांच्या सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मग कान द्या. सेल्फ फिरतच नाही, जड फिरतो, नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पकडत नाही, की नेहमीपेक्षा हलका आणि झपाझप फिरतो? या चार आवाजांचे रस्ते वेगवेगळे आहेत.

सेल्फ फक्त 'टक' करतो. बॅटरी नवीन आहे.

बॅटरी नवीन असली तरी गाडी महिनाभर उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या मशीन शॉपच्या भागात, उभी होती ना? मीटर लावा. काहीही चालू नसताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जात असतील तर आधी बॅटरी चार्ज करा, बाकीचं नंतर.

व्होल्ट ठीक असतील तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थ पट्टी शोधा. इंजिन उतरवताना ती सोडतात आणि चढवताना हमखास विसरतात. बसवलेली असली तरी ब्लॉकला नवीन रंग मारला असेल तर ती रंगावर बसलेली असते. तिथला रंग खरवडून लख्ख धातू काढा. तपासायची रीत सोपी आहे: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी थेट इंजिनच्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग खराब आहे. पट्टी नसताना सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल गरम होऊन जळलेल्या गाड्याही असतात.

इंजिन फार जड फिरतं. "नवीन काम आहे, घट्ट असणारच" असं मिस्त्री म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं. नवीन रिंगा आणि नवीन होनिंग (बोअरच्या भिंतीची घासाई) असलेलं इंजिन जुन्यापेक्षा जड असतं, पण चांगल्या बॅटरीवर ते सेल्फनं फिरलंच पाहिजे. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढा आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून हातानं फिरवा. सगळीकडे सारखा जोर लागत असेल तर काळजी नको. एका जागी अडकत असेल तर पुढे ढकलू नका. तिथे वॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल, कुठल्या तरी सिलिंडरमध्ये नट पडला असेल किंवा पाणी अथवा पेट्रोल साचलं असेल. प्लग काढल्यावर भोकातून पाणी उडालं तर हेड पॅकिंग, हेडचं फेसिंग आणि बोल्ट आवळण्याचा क्रम यांच्याकडे वळा.

सगळीकडे सारखंच पण अतोनात जड असेल तर तीन शंका घ्या. मेन बेअरिंगच्या कॅपा अदलाबदल झाल्या असतील किंवा उलट्या बसल्या असतील. त्यांच्यावर नंबर आणि बाण असतात ते यासाठीच. क्रँक ग्राइंड करून आला आणि बेअरिंग चुकीच्या साइजचं बसलं असेल; लहान गाड्यांत इथे साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी फट हवी, ती प्लास्टिगेजनं (दाबून फट मोजायच्या मऊ प्लास्टिकच्या धाग्यानं) मोजता येते. तिसरी शंका रिंगांच्या तोंडाची, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीची. बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी हा ढोबळ हिशोब, म्हणजे ७० मिमीच्या बोअरला साधारण ०.२ ते ०.३. तोंड याहून कमी असेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून टोकाला टोक भिडतं. असं इंजिन थंड असताना चालू झालं तरी गरम झाल्यावर बोअर ओरखडून बसतं. "चालवून मोकळं होईल" हा सल्ला इथे महागात पडतो.

सेल्फ उलट हलका फिरतो. नेहमीचा 'धक-धक' ठेकाच नाही, एकसारखा 'व्हीर्र' आवाज येतो.

म्हणजे कॉम्प्रेशन नाही. प्लग, कॉइल, पंप यांच्या मागे लागू नका. हवा दाबलीच जात नसेल तर करंट (प्लगची ठिणगी) कितीही निळा असो, आग लागणार नाही.

कॉम्प्रेशन गेज आणा, पण टेस्ट नीट करा. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरची सॉकेटं काढलेली, आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेल्या रीडिंगला काही किंमत नाही, कारण हवाच आत जात नाही. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या.

बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांना १० ते १३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) चांगलं आणि सिलिंडरांमधला फरक एक किलोच्या आत हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाबच सुमारे सहा टक्के कमी असतो. मॅन्युअलमध्ये १३ लिहिलं असेल तर इथे १२ ला थोडं जास्त दिसलं तरी ते पूर्णच समजा. शिवाय रिंगा अजून बोअरला बसलेल्या नसतात, त्यामुळे नवीन इंजिन पहिल्या दिवशी किलोभर कमीच दाखवतं.

सगळ्याच सिलिंडरांत चार-पाच किलो आलं तर टायमिंग (क्रँक आणि कॅमचा मेळ) किंवा टॅपेट (कॅम आणि वॉल्व्ह यांच्यामधला भाग). एकाच सिलिंडरमध्ये शून्य आलं तर वाकलेला किंवा उघडा राहिलेला वॉल्व्ह. शेजारच्या दोघांत कमी आलं तर त्या दोघांच्या मधलं हेड पॅकिंग.

आता चमचाभर, म्हणजे पाच मिली, इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर हवा रिंगांकडून जाते आहे, चढला नाही तर वॉल्व्हकडून. याच चमच्याचा दुसरा फायदा असा की, सारखा सेल्फ मारून पेट्रोलनं धुतलेलं बोअर असेल तर तेवढ्या तेलावर रिंगा पुन्हा धरतात आणि कधी कधी गाडी तिथेच चालू होते.

टायमिंग बरोबरच बसवलं आहे, खुणा जुळवल्या होत्या. मग वॉल्व्ह उघडे कसे राहतील?

दोन कारणं आहेत आणि दुसरं फार जणांच्या ध्यानात येत नाही.

पहिलं, खुणा बेल्ट चढवताना जुळल्या, पण टेन्शनर सोडल्यावर एक दात सरकला. म्हणून बेल्ट किंवा चेन बसवल्यावर इंजिन फिरण्याच्या नेहमीच्या दिशेनं क्रँक पूर्ण दोन फेरे हातानं फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एक फेरा मारतो. बेल्टची ढिली बाजू टेन्शनरकडेच यायला हवी. उरलेल्या बाजूला अजिबात ढील नको. क्रँकच्या दातेरी पुलीची चावी तुटलेली नाही ना, तेही पाहा. ती तुटली तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि आत सगळं इकडचं तिकडे झालेलं असतं. १.३ लिटर मल्टिजेट डिझेल (स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो) असेल तर नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. कॅमशाफ्ट लॉक करायच्या पिना लावूनच चेन बसवायची.

दुसरं कारण हेडच्या कामात लपलेलं असतं. सीट कटिंग आणि लॅपिंग केलं की वॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसतो. खाली जितकी सीट गेली तितकी वॉल्व्हची दांडी वर येते आणि टॅपेटची फट खाऊन टाकते. जुन्याच शिमा (फट जुळवायच्या पातळ चकत्या) किंवा जुनंच सेटिंग ठेवलं तर फट शून्याच्या खाली जाते, म्हणजे वॉल्व्ह कायम किंचित उघडा. टेबलावर पेट्रोल ओतून पाहिलेलं हेड एक थेंब गळत नाही आणि गाडीवर चढल्यावर कॉम्प्रेशन देत नाही, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. थंड इंजिनवर, कॅमचं नाक टॅपेटच्या विरुद्ध बाजूला ठेवून फिलर गेज घाला. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असतो, एक्झॉस्टचा सहसा जास्त.

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर फट मोजायची नसते. पण बसवताना ते वर फुगलेले असतील तर वॉल्व्ह उघडे धरून ठेवतात. हेड बसवल्यावर अर्धा तास तसंच सोडा, स्प्रिंगच्या दाबानं ते खाली बसतात. त्याआधी सेल्फ मारायची घाई करू नका.

कॉम्प्रेशन चांगलं आहे, पण करंट नाही. स्कॅनरवर एकही कोड नाही.

कोड नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे. स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवा, सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. २०० ते ३०० दिसायला हवेत. शून्य दिसले तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नाही; तो करंटही देणार नाही आणि पेट्रोलही. मग क्रँक सेन्सर: सॉकेट पूर्ण बसलंय का, वायर सायलेन्सरला चिकटलीय का, सेन्सरच्या चुंबकावर लेथचा कीस जमलाय का. दोन तारांच्या सेन्सरची फट साधारण ०.५ ते १.५ मिमी. दातेरी चकतीचा एखादा दात स्क्रू ड्रायव्हर घालून फ्लायव्हील अडवताना वाकलेला असतो, तोही बघा. तीन तारांच्या हॉल सेन्सरला ओहममध्ये मोजायचं नसतं.

आरपीएम येतात तरी करंट नाही, तर मॅनिफोल्ड किंवा हेडवर आवळलेली ईसीयूची अर्थ वायर शोधा. गोल लगचे दोन-तीन काळे टोक एकत्र असतात. त्यातलं एक मागे लोंबत राहतं आणि कुणाला दिसत नाही.

करंट बघायला प्लग हातात धरून ठिणगी उडवायची जुनी रीत सोडा. एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत मोकळा सोडलेला करंट कॉइल किंवा ईसीयू उडवतो. स्पार्क टेस्टर वापरा.

मारुती ८०० आणि ऑम्नी: करंट आहे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे, पण नुसती खोकते.

डिस्ट्रिब्युटर उलटा बसला आहे. पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. पुलीची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि क्रँक हातानं फिरवा. हवा अंगठा उचलायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. त्यातच खूण जुळवा आणि रोटर एक नंबरच्या वायरकडे आणा. या तीन सिलिंडरच्या इंजिनची फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे. चार सिलिंडरवाल्यांना १-३-४-२ सवयीचं असतं, इथे तेच हात चुकतात.

प्लग ओले होतात.

ओले म्हणजे पेट्रोल येतंय, जळत नाही. प्लग काढून पुसा, सुकवा, इंजेक्टरची सॉकेटं काढून पाच सेकंद सेल्फ मारा. मग सगळं बसवून ॲक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत त्या स्थितीत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. तरी पुन्हा ओले झाले तर इंजिनचा टेम्परेचर सेन्सर बघा. त्याचं सॉकेट विसरलं की ईसीयूला इंजिन बर्फासारखं थंड वाटतं आणि तो पेट्रोल ओततो.

प्लग कोरडे ठणठणीत.

चावी फिरवल्यावर टाकीकडून दोन सेकंद पंपाचा आवाज यायला हवा. आवाज असेल तर दाब मोजा. एमपीएफआयला बहुधा तीन बारच्या आसपास. फ्यूएल रेलच्या दोन नळ्या उलट जोडलेल्या नाहीत ना, तेही पाहा. आणि पेट्रोल किती जुनं आहे? आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभी असेल तर तळाशी पाण्याचा वेगळा थर बसू शकतो. काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा, दहा मिनिटं ठेवा. थर दिसला तर टाकी खाली करा, त्यात ताजं ओतून भागवू नका.

एकदा पकडते, दोन सेकंद चालते आणि बंद पडते.

डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का? तसं असेल तर इमोबिलायझर. चिप असलेली मूळ चावी वापरा. दिवा नसेल तर हवा कुठून तरी आत घुसते आहे: इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी. आणि एक गोष्ट जी सांगितली की सगळे हसतात आणि मग गुपचूप बघतात: पोर्टमध्ये कचरा जाऊ नये म्हणून कोंबलेली चिंधी आतच राहिलेली. इनटेकमध्ये असली तर इंजिन श्वास घेत नाही, एक्झॉस्टमध्ये असली तर सोडत नाही. एक्झॉस्टची शंका असेल तर ऑक्सिजन सेन्सर काढा आणि सेल्फ मारा. गाडी त्या भोकातून फटफटत चालू झाली तर पुढचा रस्ता बंद आहे.

डिझेल गाडीला वेगळं काय?

आधी धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर असेल तर पोचतंय, पण पेट घेत नाही.

धूर नसेल तर बहुतेक वेळा एअर धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकलेली असते. फिल्टरवरच्या हँड पंपानं तो कडक होईपर्यंत पंप मारा. जुन्या पंपाच्या गाडीत नॉझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा, बुडबुडे जाऊन नुसतं डिझेल आलं की आवळायचे. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ती) हे कधीही करायचं नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापावं लागू शकतं. तिथे स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. सेल्फवर साधारण २०० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. तेवढा होत नसेल तर एअर, फिल्टर, किंवा इंजेक्टरच्या रिटर्नमधून जास्त गळती. जुन्या पंपावर स्टॉप सोलेनॉइडची एक वायर असते; चावी चालू केल्यावर 'टिक' आवाज आला नाही तर ती जोडायचीच राहिली आहे.

पांढरा धूर असेल तर कॉम्प्रेशन (डिझेलला २५ ते ३० किलो, त्यासाठी गेज वेगळं), हीटर प्लग, आणि पंपाचं टायमिंग, याच क्रमानं. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवेच वापरा, आणि जुना खाली चिकटून राहिलेला असताना त्यावर दुसरा घालू नका.

धक्का मारून किंवा स्टार्टिंग स्प्रे मारून बघू का?

दोन्ही नको. टायमिंग चुकलेलं असेल तर सेल्फच्या हळू फेऱ्यात वाचलेले वॉल्व्ह धक्क्यात वाकतात. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचीही वाट लागते. आणि हीटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये स्प्रे म्हणजे मॅनिफोल्डमध्येच भडका.

दोष मिस्त्रींचा की मशीन शॉपचा? पैसे कुणी द्यायचे?

कोल्हापुरात हेड आणि ब्लॉकचं काम उद्यमनगरात एकीकडे होतं आणि बांधणी गॅरेजमध्ये दुसरीकडे, त्यामुळे हा वाद ठरलेला. भांडण्याआधी आकडे मागा: बोअर किती ओव्हरसाइज केलं, क्रँक किती काढला, हेड किती मिमी फेस केलं. चांगला मशीनवाला हे बिलावर लिहून देतो. कॉम्प्रेशन आणि वेट टेस्टचे (चमचाभर तेल टाकून घेतलेले) आकडे तुमच्याकडे असले की बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं. तेल टाकून आकडा चढत नाही आणि टायमिंग व टॅपेट बरोबर आहेत, तर हेड परत जातं. बाकी बहुतेक गोष्टी बांधणीच्या.

चालू झाली! आता लगेच काय?

खरं तर तेलाचं काम चालू होण्याआधीच व्हायला हवं: प्लग काढून, कॉइल आणि इंजेक्टर बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारायचा. चालू झाल्यावर दिवा पाच-सात सेकंदांत विझला नाही तर ताबडतोब बंद करा. विझला तर तासभर आयडलवर घरघरत ठेवू नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. पाणी गरम होऊन फॅन एकदा लागेपर्यंत १५०० ते २००० आरपीएमवर ठेवा, तोवर खाली वाकून गळती बघा, मग बंद करून थंड झाल्यावर पाणी आणि तेल पुन्हा पाहा.

पहिली फेरी कागलकडे, हायवेवर, वेग कमी-जास्त करत. पन्हाळ्याचा चढ पहिले ५०० किलोमीटर नको. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदला. जुनं तेल पांढऱ्या डब्यात काढून उन्हात धरा; बारीक करडी चमक चालते, नखावर घेतल्यावर टोचणारा कीस दिसला तर संप (इंजिनखालची तेलाची टाकी) उघडा.